एमिल फिशर

हर्मान एमिल लुई फिशर (९ ऑक्टोबर १८५२ – १५ जुलै १९१९) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. शर्करा व प्युरीन या संयुगांच्या संश्लेषणाबद्दल त्यांना १९०२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दंतक्षयाला आळा घालण्यासाठी आज वापरले जाणारे झायलिटॉल प्रथम तयार करणाऱ्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

फिशर यांचा जन्म कोलोनजवळील ऑइसकिर्शेन येथे झाला. मुलाने आपल्या लाकडाच्या व्यापारात यावे, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु त्यांचे मन त्यात रमले नाही. १८७१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे स्ट्रासबर्ग येथे आडोल्फ फोन बायर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १८७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १८९२ पासून ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक होते.

शर्करांवरील संशोधन

शर्करांचे द्रावण आटवले असता बहुधा चिकट पाक उरे. स्फटिक सहजी मिळत नसत. त्यामुळे एक शर्करा दुसरीपासून वेगळी ओळखणे अवघड होते. फिशर यांनी १८७५ मध्ये शोधलेल्या फिनिलहायड्रॅझीनमुळे ही अडचण दूर झाली. शर्करांशी त्याची अभिक्रिया होऊन पिवळे स्फटिक मिळू लागले. १८९१ मध्ये त्यांनी ग्लुकोजच्या रेणूतील अणूंची अवकाशीय मांडणी निश्चित केली.

झायलिटॉल

त्याच वर्षी फिशर व रुडॉल्फ श्टाहेल यांनी लाकडापासून मिळणाऱ्या झायलोज या शर्करेचे क्षपण करून झायलिटॉल तयार केले. सुमारे त्याच काळात फ्रान्समध्ये गाब्रिएल बर्त्राँ यांनाही ते मिळाले. दातांवरील थरात वाढणारे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दातांचे कवच झिजवते. झायलिटॉलपासून मात्र त्यांना आम्ल तयार करता येत नाही. हा उपयोग फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांमुळे पुढे आला. तोवर फिशर यांच्या मृत्यूला अर्धशतक उलटले होते.

अखेरचा काळ

ज्या फिनिलहायड्रॅझीनने शर्करांचे कोडे उलगडले, त्याच्याच विषबाधेने फिशर यांची प्रकृती कायमची खालावली. पत्नी आग्नेस १८९५ मध्ये वारल्या होत्या. तीनपैकी दोन मुलगे पहिल्या महायुद्धाच्या काळात दगावले. बर्लिन येथे फिशर यांचे निधन झाले. हयात राहिलेले पुत्र हर्मान हे पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.