सर्पदंशाची लस शोधणारा काल्मेत आणि परळमध्ये सापडलेली त्याची चूक

गडचिरोलीत धानाची रोवणी सुरू झाली की सर्पदंशाचे पेशंट वाढतात. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या पट्ट्याला जवळचा आधार म्हणजे अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय. जिल्ह्याचं ठिकाण तिथून शंभराहून जास्त किलोमीटरवर. त्यामुळं साप चावलेला माणूस वाचणार की नाही, हे बऱ्याचदा ड्युटीवरच्या डॉक्टर-नर्सला काय शिकवलंय यावर ठरतं.

त्यांच्या हातात असते ती लोकांच्या भाषेतली सर्पदंशाची लस. खरं तर ती लस नाही. घोड्याच्या रक्तात तयार झालेलं ते प्रतिविष आहे. ते माणसांपर्यंत आणण्यात सगळ्यात मोठा वाटा एका फ्रेंच डॉक्टरचा, अल्बेर काल्मेतचा. बाळाला जन्मल्यावर टोचतात त्या बीसीजीमधला सी म्हणजेही काल्मेतच.

पिंपात भरून आलेले नाग

काल्मेतचा जन्म 12 जुलै 1863 चा, फ्रान्समधल्या नीसचा. तो नौदलात डॉक्टर झाला आणि हाँगकाँग, आफ्रिका असं फिरला. 1890 मध्ये पॅरिसला येऊन एमिल रू यांच्याकडं सूक्ष्मजीवशास्त्र शिकला. पुढच्याच वर्षी पाश्चर संस्थेची शाखा काढायला त्याला सायगावला, म्हणजे आजच्या व्हिएतनाममध्ये पाठवलं गेलं. काम होतं देवी आणि रेबीजच्या लसीचं.

पण ऑक्टोबर 1891 मध्ये बाक लियूजवळच्या एका गावात पावसापाण्यात नाग शिरले. 40 जणांना चावले, 4 जण दगावले. एका गावकऱ्यानं 19 नाग जिवंत पकडून पिंपात भरले आणि ते काल्मेतकडं पोचले. अभ्यासाला एवढं विष एकदम मिळणं दुर्मीळ होतं. त्यानं आधी रसायनांनी विष मारता येतं का ते पाहिलं, पण खरा रस्ता वेगळा निघाला.

तो असा. जनावराला विषाचा अगदी थोडा डोस द्यायचा, मग हळूहळू वाढवत न्यायचा. त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारे घटक तयार होतात. ते रक्तद्रव काढून पेशंटला द्यायचं. 1894 मध्ये काल्मेतनं हे मांडलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये फिसालिक्स आणि बेर्त्रां हे दोघंही याच निष्कर्षाला आले होते. 1895 पासून काल्मेत लीलच्या पाश्चर संस्थेचा प्रमुख झाला आणि घोड्यांपासून बनवलेलं प्रतिविष जगभर जाऊ लागलं.

चूक कुठं झाली?

काल्मेतला वाटलं, मज्जासंस्थेवर मारा करणारा घटक हाच सगळ्या सर्पविषांचा गाभा. म्हणजे मुख्यतः नागाच्या विषावर बनवलेलं औषध सगळ्या सापांना चालेल. ऑस्ट्रेलियात सी. जे. मार्टिन यांनी याला आव्हान दिलं. मग मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, कॅप्टन जॉर्ज लॅम्बनं काल्मेतचं औषध घोणसीच्या विषावर तपासलं. 1900 नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. औषध घोणसीपुढं निकामी ठरलं.

कारण सरळ होतं. नागाचं विष नसांवर हल्ला करून श्वास थांबवतं, तर घोणसीचं रक्त गोठू देत नाही. एकावरचा उतारा दुसऱ्याला कसा चालणार? म्हणूनच आज भारतात मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून बनतं.

बीसीजी आणि शेवटची वर्षं

काल्मेत पुढं क्षयरोगाकडं वळला. कामिल गेरँसोबत 1908 पासून 13 वर्षं त्यानं एकच जंतू पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला. पहिल्या महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात होतं, तरी काम टिकलं. 1921 मध्ये पहिल्या बाळाला बीसीजी दिली गेली. पण 1930 मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये ही लस दिलेली 70 हून जास्त बाळं मेली. तिथल्या प्रयोगशाळेत लसीत क्षयाचे जहाल जंतू मिसळले होते, हे चौकशीत निघालं. या प्रकरणाचा काल्मेतला मोठा धक्का बसला. 29 ऑक्टोबर 1933 ला तो पॅरिसमध्ये वारला.

आज विद्यार्थी काय शिकतात?

परळचा धडा आजच्या प्रशिक्षणात आहे: साप नको, लक्षणं बघा. साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर नाग किंवा मण्यार. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि खूण दिसेलच असं नाही. नुसतं पोट दुखतंय म्हणून आलेला पेशंटही सर्पदंशाचा असू शकतो.

घोणस-फुरशाची शंका असेल तर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मिलि रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं. रक्त पातळच राहिलं, तर विष चढलंय. या तपासणीला मोठं मशीन लागत नाही, म्हणून अहेरीसारख्या ठिकाणी ती लाखमोलाची.

आणखी एक गोष्ट मुद्दाम शिकवतात. लहान मुलाला डोस कमी करायचा नाही, कारण साप वय बघून विष सोडत नाही. घोड्याच्या प्रथिनांची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवायचं.

काल्मेतची चूक अजून पुरती मिटलेली नाही. औषधासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून येतं आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. चापड्यासारखा साप तर या चौघांत नाहीच. त्यामुळं इंजेक्शन दिलं की काम संपलं असं होत नाही. पेशंटशेजारी बसून लक्षणं पाहत राहावीच लागतात.