जलपर्णीच्या बियांचा मागोवा घेणारे डॉ. शं. पु. आघारकर

उल्हास नदीत कल्याणच्या वरच्या बाजूला जलपर्णी माजते. तीच नदी पुढे खाडी होते. खारे पाणी लागले की जलपर्णी तग धरत नाही. गोड्या पाण्यात मात्र ती काढली तरी पुन्हा उगवते, कारण तिचे बी गाळात शिल्लक असते. या तणाची बीजधारणा अभ्यासणाऱ्यांत एक मराठी शास्त्रज्ञ होते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. १९१४ मध्ये उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले आणि महायुद्ध सुरू होताच तेथे स्थानबद्ध झाले. तरीही बर्लिनची पीएच.डी. मिळवूनच ते परतले.

त्या काळी बंगालमध्ये जलपर्णीने भातखाचरे आणि जलमार्ग अडवले होते. फुटव्यांनी ती झपाट्याने पसरते, हे सर्वांना दिसत होते. आघारकर व त्यांचे सहकारी बॅनर्जी यांनी तिचे परागीभवन आणि बीजधारणा तपासली. तो निबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये बंगालमध्ये जलपर्णीविरोधी कायदाही आला.

आज या बियांबद्दल बरेच कळले आहे. फुलोरा संपला की दांडा वाकतो, बोंड पाण्यात पिकते आणि बारीक बी तळाशी बसते. ते अनेक वर्षे जिवंत राहते. दाट जलपर्णीखालच्या अंधारात उगवण फारशी होत नाही. ऊन, उबदार हवामान, उथळ पाणी किंवा ओला गाळ मिळाला की बी रुजते. म्हणूनच पाणी ओसरताना काठावर रोपे दिसतात. जलपर्णी काढल्यावर तळापर्यंत उजेड पोहोचतो, तेव्हाही असेच होते.

त्यामुळे फुले येण्याआधीच जलपर्णी काढावी. काढलेला ढीग काठावर न ठेवता पाण्यापासून दूर न्यावा. पुढची काही वर्षे, विशेषतः पाणी उतरताना, काठाची पाहणी करून रोपे लहान असतानाच उपटावीत. एकदा साफसफाई करून काम संपत नाही.

निवृत्तीनंतर आघारकर पुण्यात आले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे ते पहिले संचालक झाले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याची ती संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.