श्री निळोबारायांचा संसार आणि सख्य

लग्नसराई आली की आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसे येतात. एक पत्रिका घेऊन येतात. दुसरी लग्नाला वर्ष-दोन वर्षे लोटल्यावर तोंड पाडून येतात. परवा आमच्या दिंडीतले एक गृहस्थ आले. पोरगी शिकलेली, सालस. दोन स्थळे सांगून आलेली. एका ठिकाणी 36 पैकी 31 गुण जुळतात, पण घरात माळकरी कोणी नाही. दुसरे घर पिढीजात वारकरी, पण गुण 17 च. म्हणजे 18 चा उंबरठा एका गुणाने चुकला. गृहस्थांना झोप नाही. अनुरूप जोडीदार ओळखायचा तरी कसा, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही त्यांना चहा दिला आणि उत्तर दुसऱ्या दिवसावर टाकले, कारण खरे सांगायचे तर उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते.

रात्री पडल्या पडल्या आठवण झाली ती पारनेर तालुक्यातल्या पिंपळनेरची. तेथे श्री निळोबारायांची समाधी आहे. निळोबाराय म्हणजे संतमालिकेतले शेवटचे रत्न, तुकोबारायांचे पट्टशिष्य, हे वारकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. पण त्यांचा संसार कसा झाला, त्यांना सोबत कोणाची लाभली, हे आपण सहसा बोलत नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र त्या अंगाने सांगावे असे मनात आहे.

निळोबांचे आडनाव मकाशिर. वडील मुकुंदपंत. घोडनदीकाठच्या शिरूरचे हे घराणे, आणि घरात कुलकर्णी वतन. आजच्या वाचकाला कुलकर्णी हे नुसते आडनाव वाटते. त्या काळी ती गावगाड्याची एक धुराच होती. पाटलाने गाव सांभाळायचा, कुलकर्ण्याने दप्तर. कोणाची जमीन किती, सारा किती बसला, किती आला, किती राहिला, हे सगळे त्याच्या रुमालात बांधलेले. वतन पिढ्यान्पिढ्या चालायचे. त्यामुळे कुलकर्ण्याच्या घरात मुलगी दिली की बापाला घोर नसे.

अशा घरात मैनाबाई सून म्हणून आल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्ने वडीलधाऱ्यांनी ठरवायची. नवरा-नवरीने एकमेकांना पारखण्याचा प्रश्नच नव्हता. मैनाबाईंच्या वडिलांनी पाहिले असेल ते घर, वतन, कुळ आणि पत्रिका. निळोबांच्या मनात विठ्ठल किती खोल उतरला आहे, हे कुठल्या पत्रिकेत दिसणार?

पुढची हकीकत संप्रदायात अशी सांगतात. शिरूरजवळ श्रीरामलिंगाचे स्थान आहे. तेथे निळोबांची नित्य पूजा असे. एके दिवशी ते पूजेत असताना सरकारी कामाचे बोलावणे आले. पूजा अर्धी टाकून उठावे, की अंमलदाराला ताटकळत ठेवावे? निळोबांनी पूजा पुरी केली. पण मनात काटा रुतला तो रुतलाच. ज्या चाकरीपायी देवापुढून उठावे लागते, ती चाकरी आपली नव्हे, असे त्यांनी ठरवले आणि दप्तर खाली ठेवले.

ऐकायला हे गोड वाटते. कीर्तनात आम्ही ते रंगवून सांगतो आणि श्रोते टाळ्या देतात. पण वाचकहो, क्षणभर मैनाबाईंच्या जागी उभे राहून बघा. सकाळी नवरा कुलकर्णी म्हणून घराबाहेर पडला आणि परत आला तो कोणीच नाही म्हणून. वतन गेले म्हणजे धान्य गेले, मान गेला, उद्याची शाश्वती गेली. वर काळ हा असा धामधुमीचा. निळोबांच्या हयातीत या मुलखाने मोगली फौजांची ये-जा पाहिली. औरंगजेब बादशहा 1707 साली मेला तो याच जिल्ह्यात, अहमदनगरला. अशा दिवसांत घरदार सोडून बाहेर पडणे हा काही सहलीचा बेत नव्हता. मैनाबाईंनी माहेरची वाट धरली असती तर कोणीही त्यांना बोल लावला नसता.

त्या माहेरी गेल्या नाहीत. त्या नवऱ्याबरोबर पंढरीच्या वाटेला लागल्या. चरित्र त्यांच्याविषयी फार शब्द खर्च करीत नाही. पण जो वारीला चालला आहे त्याला न लिहिलेलेही वाचता येते. मुक्कामावर चूल कोण मांडतो, पाण्याला कोण जातो, पायाला फोड आले तरी दुसऱ्याला कळू न देता कोण चालतो, हे आम्ही दर आषाढीला पाहतो. निळोबांचा परमार्थ उघड्यावर पडला नाही, कारण त्याच्या पाठीशी एक माणूस तोंडातून ब्र न काढता उभे होते. आमच्या मते मैनाबाई निळोबांना अनुरूप ठरल्या त्या लग्नमंडपात नव्हे. त्या ठरल्या शिरूरची वेस ओलांडताना.

आता सख्याची गोष्ट. तीर्थे करीत निळोबा देहूस आले. तुकोबाराय 1650 साली वैकुंठाला गेलेले. देहूत होते ते त्यांचे चिरंजीव नारायणबाबा. ज्यांनी 1685 साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सोहळा सुरू केला, तेच हे नारायणबाबा. तुकोबा गेले तेव्हा ते मातेच्या उदरात होते. म्हणजे पाहा, पित्याचे मुख न पाहिलेला मुलगा आणि गुरूचे मुख न पाहिलेला शिष्य, असे दोघे इंद्रायणीकाठी भेटले. नारायणबाबांच्या तोंडून निळोबांनी तुकोबांचे चरित्र ऐकले आणि त्यांचा निश्चय झाला की गुरू करीन तर तुकोबांनाच.

लोकांना हा वेडेपणा वाटला असेल. हयात असलेले साधुसंत काय थोडे होते? पण निळोबांनी धरणे धरले. तुकोबांनी येऊन दर्शन दिले व अनुग्रह केला, ही वारकऱ्याची श्रद्धा आहे. निळोबांनी ती आपल्या अभंगांतून गायिली आहे. ज्याला डोळ्यांनी पाहिले नाही त्याला जन्मभर धरून राहायचे, याला निष्ठा म्हणतात. नऊ भक्तींत सख्य ही आठवी; दास्याच्या पुढची आणि आत्मनिवेदनाच्या अलीकडची. मैत्र जमल्याखेरीज माणूस स्वतःला कोणाच्या हाती देत नाही, असाच या क्रमाचा अर्थ आम्ही समजतो.

पुढे निळोबा पिंपळनेरला राहिले. गावकऱ्यांनी त्यांना आपले मानले. मोठे पद नाही, वतन नाही, तरी गावाने जवळ केले. येथेच त्यांची अभंगरचना बहरली. आज निळोबांच्या नावावर सुमारे दीड हजार अभंग आहेत. निळा ही त्यांची नाममुद्रा. चांगदेवांचे चरित्रही त्यांनी गायिले.

याच गावात त्यांच्या लेकीचे लग्न झाले. निष्कांचनाच्या घरचे कार्य. माणसे जमली, पण राबणारे हात अपुरे. तेव्हा एक अनोळखी गडी आला, विठू की काय असे नाव सांगितले, पडेल ते काम केले, आणि कार्य उरकल्यावर दिसेनासा झाला. तो पांडुरंगच होता, असे सांगतात. ज्याची जशी श्रद्धा तसे त्याने घ्यावे. आम्हाला त्यात एक खूण दिसते. देवाला निळोबांच्या घरी पाहुणा होऊन पाटावर बसता आले असते. तो बसला नाही. तो पाणी भरायला आला. मित्र ओळखायचा तो असा. मांडवात मिरवायला शंभर येतात. खरकटी काढायला जो थांबतो तो आपला.

कोणी म्हणेल, निळोबांचे नशीब चांगले, बायको आपोआप अनुकूल मिळाली. ज्यांना तशी मिळत नाही त्यांनी काय करावे? त्यांनी बहिणाबाईंचे चरित्र पाहावे. बहिणाबाई (1628 ते 1700) याही तुकोबांच्या शिष्या, आणि स्वप्नातच अनुग्रह झालेल्या. त्यांचे लग्न अगदी लहानपणी, वयाने कितीतरी वडील अशा बिजवराशी झाले. ब्राह्मणाच्या बायकोने तुकोबांचा ध्यास घ्यावा, हे नवऱ्याला सोसले नाही. त्याने मारहाण केली, घर सोडून जायचे ठरवले. मग तो आजारी पडला आणि त्या आजारात त्याचे मन पालटले. पुढे तोच बहिणाबाईंना घेऊन देहूस गेला. बहिणाबाईंनी हे सारे स्वतः अभंगांत सांगून ठेवले आहे, काही झाकलेले नाही. मारहाण सोसावी असा धडा मात्र कोणी यातून घेऊ नये. तो काळ वेगळा होता. बहिणाबाईंना दुसरे दार नव्हते, आजच्या पोरींना आहे. आम्ही घेतो तो धडा एवढाच की जुळणे हे एका दिवसाचे काम नव्हे आणि ते एकट्याचेही नव्हे. बहिणाबाई एकट्या कितीही चांगल्या असत्या, तरी नवरा बदलला नसता तर तो संसार जुळला म्हणता आला नसता.

बहिणाबाईंची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. त्याच शिऊरचे शंकरस्वामी पुढे निळोबांचे शिष्य झाले. शंकरस्वामींपासून मल्लाप्पा वासकरांकडे आणि तेथून वासकरांच्या फडापर्यंत ही परंपरा आली. निळोबांच्या पाठीमागे ना वतन उरले, ना इस्टेट. उरली ती माणसाने माणसाला धरून ठेवलेली ही साखळी. आजही आषाढीला पिंपळनेरहून निळोबारायांची पालखी पंढरीला जाते. दुष्काळी मुलूख, बाजरी-ज्वारीची रानं, पाऊस पडेल न पडेल. पण पालखी निघते. निष्ठा म्हणतात ती हीच.

असो. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले. 31 आणि 17 हे आकडे क्षणभर बाजूला ठेवा. मुलाच्या गावी जा आणि त्याच्या जुन्या मित्रांची चौकशी करा. शाळेतला एखादा सोबती अजून त्याच्याकडे येतो का? जो अडचणीत आहे, ज्याच्याकडून आता काही मिळायचे नाही, अशा मित्राच्या दारी तो जातो का? ज्याने पडत्या काळात मित्र टाकला नाही, तो बायकोलाही टाकणार नाही. आणि हीच परीक्षा आपल्या मुलीलाही लावा. वतन गेल्यावर वेस ओलांडणे दोघांनाही जमले पाहिजे. माळ गळ्यात असली तर आनंदच. पण माळ घातली आणि माणूस टाकला, तर ती माळ तुळशीची नव्हे, नुसत्या लाकडाची.

गृहस्थांना ते पटले. उठता उठता आम्ही त्यांना सहज विचारले, पोरीला काय वाटते? गृहस्थ थांबले, उपरण्याने तोंड पुसले. दोन महिने पत्रिका घेऊन चार गावे हिंडले होते. पोरीला विचारायचे राहूनच गेले होते.

आता घरी जाऊन आधी तिच्याजवळ बसा, असे आम्ही त्यांना सांगितले. मैनाबाईंना कोणी विचारले नव्हते, तरी त्या शेवटपर्यंत चालल्या. ती त्यांची थोरवी. पण आपल्या लेकीची तशी परीक्षा पाहण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

रामकृष्णहरी.