विल्यम थॉमस ब्लॅनफोर्ड

विल्यम थॉमस ब्लॅनफोर्ड (७ ऑक्टोबर १८३२ – २३ जून १९०५) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व प्राणिशास्त्रज्ञ होते. खडकांच्या थरांवरून प्राचीन काळची परिस्थिती ओळखण्याचे महत्त्वाचे काम त्यांनी भारतात केले. तापी खोऱ्याच्या, म्हणजेच खानदेशाच्या, भूरचनेचे पहिले सविस्तर शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

ब्लॅनफोर्ड यांचा जन्म लंडन येथे झाला. काही काळ इटलीतील एका व्यापारी पेढीत काम केल्यावर त्यांनी लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिक्षण घेतले. पुढे जर्मनीतील फ्रायबर्ग येथे त्यांनी खाणशास्त्राचा अभ्यास केला. १८५४ च्या अखेरीस त्यांची व त्यांचे धाकटे बंधू हेन्री यांची भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नेमणूक झाली.

तालचेरचे गोटे

१८५६ मध्ये ओडिशातील तालचेर कोळसाक्षेत्रात या बंधूंना व विल्यम थिओबाल्ड यांना एक कोडे पडले. तेथे अतिशय बारीक गाळात मोठमोठे गोटे रुतलेले होते. असे गोटे वाहून नेणाऱ्या वेगवान प्रवाहात बारीक गाळ तळाशी बसू शकत नाही. त्यामुळे हे गोटे बर्फाने वाहून आणले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्ण प्रदेशात बर्फ ही कल्पना त्या काळी अविश्वसनीय वाटणारी होती. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे बर्फाने घासून ओरखडे पाडलेला चुनखडक आढळला. त्याविषयी फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये लिहिले आणि या अनुमानाला बळ मिळाले. हे थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात.

खानदेशातील कार्य

पश्चिम भारतातील पाहणीवर आधारित त्यांचा तापी व नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरील ग्रंथ १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे तेव्हा खानदेश या एकाच जिल्ह्यात होते. या ग्रंथातून तीन निरनिराळी प्राचीन दृश्ये उभी राहतात. नर्मदा खोऱ्यातील बाघ येथील थरांत सागरी प्राण्यांचे जीवाश्म आहेत. म्हणजे तेथे एकेकाळी समुद्र होता. बेसाल्टच्या थरांमध्ये सापडणाऱ्या गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख मिळतात. त्यावरून, लाव्हा समुद्रतळावर नव्हे तर जमिनीवर पसरला आणि दोन उद्रेकांमधील शांत काळात तेथे तळी साचली, हे स्पष्ट होते. तिसरे दृश्य तापीकाठच्या गाळाच्या मैदानाचे आहे.

या मैदानात वाळू व गोटे यांचे थर जोरदार प्रवाहाची, तर चिकणमातीचे थर संथ पुराच्या पाण्याची साक्ष देतात. मातीतील चुनखडीचे खडे ओल्या व कोरड्या ऋतूंचे आवर्तन सुचवतात. हा भेद केवळ अभ्यासाचा विषय नाही. वाळूच्या थरांत पाणी साठते व सहज वाहते. चिकणमातीतून ते फारसे मिळत नाही, तर बेसाल्टमध्ये ते मुख्यतः भेगांत व झिजलेल्या भागांत असते. चोपडा, यावल व रावेर पट्ट्यातील केळीच्या बागा भूजलावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. त्यामुळे विहिरीखाली कोणता थर आहे, हा प्रश्न तेथील शेतकऱ्याच्या उपजीविकेशी जोडलेला आहे.

पुढील कार्य व सन्मान

ब्लॅनफोर्ड यांनी १८६७-६८ मध्ये ॲबिसिनियाच्या मोहिमेत भाग घेतला. हेन्री मेडलिकॉट यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ १८७९ मध्ये प्रकाशित झाला. १८८२ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्रिटिश भारतातील प्राणिजीवनावरील ग्रंथमालेचे संपादन केले व त्यातील सस्तन प्राण्यांवरील खंड स्वतः लिहिला. १८७४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८८३ मध्ये त्यांना वोलास्टन पदक मिळाले, तर १८८८ ते १८९० या काळात ते लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. लंडन येथे त्यांचे निधन झाले.