थॉमस डी क्विन्सी : वेदना आणि अफू

इंग्रजी निबंधवाङ्मयाच्या विद्यार्थ्याला थॉमस डी क्विन्सी हे नाव अफूखेरीज आठवतच नाही. त्याची कहाणी मात्र अफूपासून नव्हे, भुकेपासून सुरू होते.

१७८५ साली मँचेस्टरच्या एका व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. १८०२ मध्ये शाळेतून पळाला आणि भटकत लंडनला आला. तिथे एका ओसाड घरात थंडीने कुडकुडत, अर्धपोटी त्याने दिवस काढले. पुढे जन्मभर छळणारी पोटदुखी त्या उपासमारीतून आली, असे तो नेहमी मानत असे.

१८०४ मध्ये दात आणि डोके असह्य दुखू लागले. कोणीतरी अफू सुचवली. त्या काळी इंग्लंडात ती कोणत्याही औषधवाल्याकडे सहज मिळे. दुखणे तर थांबलेच, शिवाय मनाला अपूर्व आनंद झाला! तरीही कित्येक वर्षे तो अफू अधूनमधूनच घेत होता. १८१२ मध्ये कवी वर्डस्वर्थची चिमुकली मुलगी केट वारली. तिच्यावर डी क्विन्सीचा फार जीव होता. पुढच्याच वर्षी पोटदुखी उसळली आणि अफू रोजची झाली. मद्यात विरघळवलेल्या अफूचे, म्हणजे लॉडनमचे, दिवसाला आठ हजार थेंब इथपर्यंत मजल गेली.

खरा पेच यापुढचा. मात्रा कमी करावी तर पोटात आग पडे, घाम फुटे, झोप उडे. मात्रा वाढवली की आराम. यातले दुखणे किती जुने आणि किती अफूनेच दिलेले, हे त्याने कसे ओळखावे? दीर्घकाळ घेतलेली अफू शरीराला वेदनेबाबत अधिक हळवे करू शकते, हे आजचे वैद्यक जाणते. त्याच्याजवळ फक्त स्वतःचे पोट होते.

१८२१ मध्ये कर्जाच्या तगाद्यात त्याने आपला कबुलीजबाब 'लंडन मॅगझिन'मध्ये निनावी छापला. आपण या पाशातून जवळजवळ सुटलो, असा त्याचा सूर होता. तो खरा ठरला नाही. कवी कोलरिजही अफूच्या आहारी गेलेला. आपण दुखण्यापायी अफू घेतली, डी क्विन्सीने मात्र सुखासाठी, असे तो म्हणे. हा आरोप डी क्विन्सीला इतका झोंबला, की १८५६ च्या वाढीव आवृत्तीत त्याने त्याचा सविस्तर समाचार घेतला. मला तो वाद व्यर्थ वाटतो; दाराने कोणत्याही शिरले तरी दोघे एकाच खोलीत अडकले होते.

१८३७ मध्ये पत्नी मार्गारेट गेली. मुले, देणेकरी आणि लेखन सांभाळत त्याने अफू बरीच कमी केली, पण सोडली नाही. ८ डिसेंबर १८५९ रोजी एडिंबरोत तो वारला.