धर्मानंद कोसंबी : साखवाळ ते हार्वर्ड

दुबईहून गोव्याचे विमान आज तीन-साडेतीन तासांत उतरते. घरची आठवण आली की फोन हाताशी असतोच. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विद्येसाठी घराबाहेर पडलेल्या एका गोवेकराची कथा आपण परदेशस्थांनी जरूर जाणून घ्यावी.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचेच. 'बालबोध' मासिकात बुद्धचरित्र वाचनात आले आणि त्या ध्यासाने १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते निघाले. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांचे मार्गदर्शन लाभले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ पाहिला, पुढे श्रीलंकेत विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन केले, ब्रह्मदेशातही राहिले. घरी परतायला सुमारे सात वर्षे लागली. त्या काळात घर सांभाळणाऱ्या बाळाबाईंचे कष्ट कोणत्याही पदवीत मोजले गेले नाहीत.

पुढे कलकत्त्यातील अध्यापन सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन पूर्ण करायचे होते. अमेरिकेत त्यांनी पोथ्यांबरोबरच समाजवादावरील पुस्तकेही वाचली. परंतु संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम अर्धवट ठेवून परतले. पगार मिळत होता, पण केलेल्या कामावर स्वतःचे नाव नसावे हे त्यांना मान्य नव्हते. परमुलखात नोकरी करणाऱ्यांना ही बोच वेगळी सांगायला नको.

तरीही त्यांनी काम टाकले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले. या वेळी मुलगी माणिक व मुलगा दामोदर बरोबर होते. हाच दामोदर पुढे थोर गणितज्ञ व इतिहासकार झाला. पुढेही हार्वर्डच्या वाऱ्या झाल्या, १९२९ मध्ये लेनिनग्राडलाही गेले. १९३० मध्ये मात्र ते शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात होते आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला. परदेशात मिळवलेली विद्या त्यांनी मराठीत उतरवली. 'निवेदन' हे आत्मचरित्र १९२४ चे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डचा 'विसुद्धिमग्ग' १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर वॉरन यांच्यासोबत कोसंबींचेही नाव आहे. ते पाहायला ते नव्हते.

या सणाला मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. आणि सांगताना बाळाबाईंचे नाव विसरू नये.