गाडीचा पार्ट आपल्याकडेच बनला पाहिजे, असा हट्ट धरणारा सोलापूरचा माणूस : वालचंद हिराचंद

एमएच-१८ नाहीतर एमएच-१९ पासिंगची पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी घरात असेल, तर तिचा हिशोब तुम्हाला सांगायला नको. अशी गाडी स्वस्तात मिळते, पण ती चालू ठेवणं हा खरा खेळ असतो. कधी पट्टा तुटतो, कधी पाण्याचा पाइप फुटतो, कधी प्लग जातो. तरी जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या पारोळा रोडपर्यंत कुठेही विचारा, पार्ट मिळतो. तो बसवणारा मिस्त्री मिळतो. आणि थोडं डोकं लावलं तर बरीच कामं आपली आपल्यालाही जमतात.

हे आपण गृहीत धरतो. पण शंभर वर्षांपूर्वी भारतात मोटार होती ती बाहेरची आणि तिचे पार्टही बाहेरचेच. पार्ट बोटीने यायचा. तो येईपर्यंत गाडी उभी.

हे चित्र बदलायला निघालेल्यांमध्ये एक नाव फार मोठं आहे, वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनल्या पाहिजेत म्हणून ते आयुष्यभर भांडले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ज्या कंपनीने बनवली, ती त्यांनीच उभी केली. गंमत म्हणजे पद्मिनीचा जन्म बघायला ते हयात नव्हते.

बी.ए. अर्धवट, रेल्वेचा ठेका पूर्ण

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं दोशी, गुजराती दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. मुंबईत आणि पुण्यात कॉलेज झालं, पण बी.ए. अर्धवट सुटलं आणि ते घरच्या पेढीवर आले. तिथे त्यांचं मन रमेना.

तेव्हा त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. हे रेल्वेत कारकून होते आणि ठेकेदारीत उतरले होते. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे पैसा उभा करायची ऐपत. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचं काम घेतलं. पुढे कामं वाढत गेली. भोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत मजल गेली.

खान्देशाच्या वेशीवरही त्यांनी पाय रोवले. मालेगावजवळच्या रावळगावला त्यांनी १९२३ मध्ये सुमारे दीड हजार एकर माळरान घेतलं. लोकांना वाटलं, दगडात पैसे घातले. तिथे शेती उभी राहिली, १९३० च्या दशकात साखर कारखाना आला आणि १९४२ मध्ये गोळ्या-चॉकलेटं बनू लागली. लहानपणी खाल्लेलं पान पसंद आठवतंय? ते याच रावळगावचं.

एक सेकंड हॅन्ड जहाज

जुनी गाडी घेऊन पस्तावलेल्या प्रत्येकाने वालचंदांच्या पहिल्या जहाजाची गोष्ट ऐकायला हवी.

पहिलं महायुद्ध संपलं होतं. मालवाहतुकीला जहाजं मिळत नव्हती. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विक्रीला होतं, नाव लॉयल्टी. ते १८९१ मध्ये बांधलेलं होतं आणि युद्धात त्याचा दवाखाना केला होता. म्हणजे घेतलं तेव्हा वय २८ वर्षं. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

दिवस मोठा होता, पण जहाज काही परवडलं नाही. चार वर्षांत ते भंगारात गेलं. दुसरीकडे इंग्रज कंपन्यांनी भाडं पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. कंपनी टिकली, पण एक गोष्ट उघड झाली. जहाज विकत घेता येतं, पण ते बांधणारी आणि दुरुस्त करणारी गोदी आपली नसेल तर आपण कायम दुसऱ्याच्या दारात उभे राहणार. वालचंदांच्या पुढच्या सगळ्या धडपडीकडे या नजरेने बघितलं, तर ती नीट समजते.

जोडणं वेगळं, बनवणं वेगळं

आता मोटारीकडे येऊ. भारतात मोटारींचे कारखाने नव्हते असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला काम सुरू केलं होतं. पाठोपाठ फोर्डही आली. पण तिथे चालायचं काय? परदेशातून खोक्यांत भरून सुटे भाग यायचे, इथले कामगार ते नटबोल्टने जोडायचे आणि गाडी बाहेर पडायची. इंजिन बाहेरचं, गिअरबॉक्स बाहेरचा.

याने रोजगार मिळत होता, पण ज्ञान मिळत नव्हतं. पिस्टन कसा ओततात, गिअरचे दाते कसे कापतात, हे इथल्या हातांना कळणार कधी?

सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडली. वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, ते अनुकूल होतं. पण १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेत होते. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लर तयार झाली.

मग अडवलं कोणी? दिल्लीच्या इंग्रज सरकारने. युद्धकाळात यंत्रं आणायला डॉलर आणि जहाजात जागा हवी होती. मोटार उद्योग युद्धासाठी गरजेचा नाही, असं सांगून सरकारने हात वर केले. युद्धाला ट्रक लागत होते, तरीही.

मोटार शोधताना सापडलं विमान

अमेरिकेच्या याच दौऱ्यातून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवायचे. गप्पांमधून कल्पना निघाली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने बेंगळुरूमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आजची एचएएल ती हीच. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी झाली.

पण विमान कारखाना १९४२ मध्येच सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीतलं पहिलं मोठं जहाज जल उषा १९४८ मध्ये पाण्यात उतरलं, पण पुढे तीही सरकारकडे गेली. वालचंदांच्या हातात राहिली ती मोटार.

कुर्ल्याचा कारखाना

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स दोन वर्षं आधी सुरू झाली होती. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या बनावटीची पहिली वाहनं बाहेर पडली.

सुरुवात इथेही खोकी उघडून जोडणीनेच झाली. टीकाकारांना आयताच मुद्दा मिळाला. फरक एवढाच होता की एकेक भाग इथे बनवत जायचं, हे प्रीमियरने ठरवलं होतं.

पण वालचंदांचं शरीर साथ देईना. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांचं सगळं केलं. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. वय ७० वर्षं.

आणि त्याच १९५३ साली सरकारने निर्णय घेतला की ज्यांच्याकडे सुटे भाग इथे बनवायची योजना आहे, त्यांनीच मोटारीच्या धंद्यात राहायचं. नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळायचा. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघी गेल्या. वालचंद ज्यासाठी वीस वर्षं भांडले, ते धोरण त्यांच्या मरणाच्या वर्षी आलं.

एकच गाडी, चाळीसहून जास्त वर्षं

प्रीमियरचा इटलीच्या फियाटशी करार झाला होता. १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. १९६४ मध्ये तिचं नवं रूप आलं आणि १९७४ मध्ये ती पद्मिनी झाली. २००० च्या आसपास ती बंद होईपर्यंत आत इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं.

आता याची दुसरी बाजूही बघायला हवी. स्पर्धा नव्हती, म्हणून गाडी बदलली नाही. लोकांना नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. जगात गाड्या कुठल्या कुठे गेल्या आणि आपण फियाट, अ‍ॅम्बेसेडर, स्टँडर्ड यांतच फिरत राहिलो. वालचंदांना हवा होता तो उद्योग मिळाला, पण तो बंद खोलीत वाढला.

पण गाडी बदलली नाही म्हणूनच एक भलतीच गोष्ट घडली. जुन्या फियाटचे बरेच पार्ट नव्या फियाटला बसायचे. एका मिस्त्रीने शिकलेलं काम त्याच्या पोऱ्यालाही उपयोगी पडायचं. कार्बोरेटर, कॉइल, पॉइंट, प्लग, सगळं डोळ्यांना दिसणारं. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलीमीटरपेक्षा थोडी कमी ठेवायची, एवढं ज्याला कळलं तो बंद गाडी रस्त्यावर सुरू करू शकायचा. मॅट्रिक नापास पोरगा हाताच्या अंदाजाने इंजिन बांधायचा.

खान्देशाच्या उन्हात तर या ज्ञानाला पर्याय नव्हता. मुंबई-आग्रा रोडवर लळिंगच्या घाटात मे महिन्यात गाडी बंद पडली, तर बऱ्याचदा दोष इंजिनाचा नसायचाच. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि पुढे पेट्रोल पोहोचायचं नाही. उपाय काय? पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं सावलीत थांबायचं आणि पुन्हा सेल मारायचा.

तुमच्या जुन्या गाडीला याचं काय?

पुढे मारुती आली, तेव्हाही सुरुवातीला भाग जपानहून यायचे आणि टप्प्याटप्प्याने ते इथे बनू लागले. म्हणजे पायवाट तीच. तुमच्या दारातल्या जुन्या ८०० चा क्लच प्लेट धुळ्यात मिळतो, तो यामुळे.

फडक्याचा उपाय पेट्रोलच्या टाकीत पंप असलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही. पण बाकीची घरची देखभाल तीच आहे. पाणी-कूलंट सकाळी गाडी थंड असताना बघायचं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. उन्हाळ्याआधी रबरी पाइप दाबून बघायचे, कडक झाले किंवा चिरले असतील तर बदलायचे. पेट्रोलच्या नळ्यांवर जास्त लक्ष द्यायचं, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होऊ शकतं. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं, तर टोकं सोडवून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने पुसायची. सोडताना आधी निगेटिव्ह काढायचं. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यायचं, तिथे बचत करायची नाही.

वालचंदांचं पुढे काय उरलं, हे मोजायला गेलं तर यादी छोटी दिसते. रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सने घेतले. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर कायमची उतरली. प्रीमियर गाड्यांच्या धंद्यात राहिली नाही.

पण गाडी उघडून परत जोडता येणारे हात गावोगावी तयार झाले, ते उरले. आता नव्या गाडीत बिघाड झाला की आधी स्कॅनर लागतो, सॉफ्टवेअर लागतं आणि ते कंपनीच्याच ताब्यात असतं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तर चौकातला मिस्त्री उघडूही शकत नाही. म्हणजे वालचंदांनी विचारलेला प्रश्न पुन्हा समोर आलाय. गाडी आपण घेतली खरी, पण ती उघडून दुरुस्त करायची चावी कोणाकडे आहे?